मुलांच्या रेगाटासाठी नियमांचं पुस्तक: चांगलं आहे, पण मुंबईचं पाणी त्यात नाही

शिडाच्या होड्यांच्या शर्यती जगभर एकाच पुस्तकावर चालतात: 'द रेसिंग रूल्स ऑफ सेलिंग'. वर्ल्ड सेलिंग ही जागतिक संघटना ते दर चार वर्षांनी सुधारून काढते. सध्याची आवृत्ती १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली, ती २०२८ संपेपर्यंत चालेल. पीडीएफ फुकट मिळते, म्हणजे पैसे वसूल होतात का हा प्रश्नच नाही. प्रश्न वेगळा आहे. गेटवे-कुलाब्यासमोरच्या पाण्यात पंधरा वर्षांपर्यंतच्या पोरांची दोन दिवसांची रेगाटा, म्हणजे शर्यतींची मालिका, घ्यायची, तर हे पुस्तक पुरतं का?

निम्मं पुरतं. सुरुवातीच्या पाच मिनिटं आधीपासून निकालाच्या तक्त्यापर्यंत याच्या तोडीचं दुसरं काही नाही. पण पहिली होडी उतारावरून पाण्यात ढकलण्याआधीचं आणि शेवटचं पोर धक्क्यावर परत येईपर्यंतचं बरंचसं काम आयोजकांनी स्वतः लिहून काढायचं असतं. ते लिहायला जागा आहे, तिचं नाव 'सेलिंग इन्स्ट्रक्शन्स', म्हणजे त्या रेगाटापुरत्या लेखी सूचना. मुंबईत बहुतेक वेळा चुकतं ते याच कागदात.

होडी कोणती ते आधी ठरवून घेऊ, कारण पुढची सगळी गणितं तिच्यावर बसतात. मुलांची शर्यत म्हणजे मुख्यतः ऑप्टिमिस्ट: २.३६ मीटर लांब, एकच शीड, एकच मूल, ज्या वर्षी पंधरा पूर्ण होतात ते वर्ष संपेपर्यंतच शर्यतीत चालवता येणारी. फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये आखलेली ही पेटीसारखी होडी दिसायला बेंगरूळ आहे, पण दहा वर्षांच्या मुलाला झेपते. जरा मोठ्या मुलांसाठी आयएलसीए ४. नेहा ठाकूरनं हांगझोऊच्या एशियाडमध्ये रौप्य मिळवलं ते याच होडीत. तिची लांबी ४.२ मीटरच्या आसपास आहे, म्हणून खालचे आकडे तिला जसेच्या तसे लावू नयेत.

पुस्तकाची ताकद २६व्या नियमात दिसते. पाच मिनिटं उरली की वर्गाचा (होडीच्या प्रकाराचा) झेंडा वर, एक आवाज. चार मिनिटं उरली की तयारीचा झेंडा वर, एक आवाज. एक मिनिट उरलं की तयारीचा झेंडा खाली, एक लांब आवाज. शून्यावर वर्गाचा झेंडा खाली, एक आवाज. वेळ झेंड्यावरून धरायची. भोंगा वाजलाच नाही तरी सुरुवात वैध. एलिफंटा आणि मांडव्याच्या लाँचा जिथं दिवसभर भोंगे वाजवत ये-जा करतात, तिथं या एका ओळीची किंमत कळते. मुलांना पहिल्याच बैठकीत सांगावं: कान नको, डोळे लावा.

कमिटी बोटीवर, म्हणजे शर्यत चालवणाऱ्या समितीच्या बोटीवर, इथं होणारी चूक ठरलेली आहे. एकच माणूस झेंडा ओढतो आणि तोच भोंगा दाबतो. गॅसचा डबा थंड पडून भोंगा घोगरा झाला की त्याचा हात झेंड्याच्या दोरीवर थबकतो आणि झेंडा तीन-चार सेकंद उशिरा खाली येतो. घड्याळ लावून बरोबर सुरुवातीच्या रेषेवर आलेलं हुशार पोर फुकट लवकर निघाल्यात जमा होतं. म्हणून तीन माणसं हवीत: एक मोठ्यानं सेकंद मोजणारा, एक झेंड्यांचा, एक भोंग्याचा. भोंगे दोन, शिवाय दोन डबे शिल्लक. क्रम चुकलाच तर ओढून नेऊ नये. एपी झेंडा (सुरुवात पुढं ढकलल्याची खूण) वर, दोन आवाज. सगळं निवलं की एपी खाली, एक आवाज, आणि त्यानंतर एका मिनिटानं पुन्हा पहिल्या झेंड्यापासून.

तयारीचा झेंडा कोणता लावायचा हे पुस्तक आयोजकांवर सोडतं. झेंड्यांना अक्षरांची नावं आहेत. मुलांसाठी पहिल्या प्रयत्नाला साधा पी, त्यात जादा शिक्षा नाही. बहुतेक सगळेच रेषेपलीकडे गेले तर 'फर्स्ट सब्स्टिट्यूट' झेंडा वर, दोन आवाज, म्हणजे सगळ्यांना परत बोलावणं. दुसऱ्या प्रयत्नाला यू. यू झेंड्याखाली शेवटच्या मिनिटात रेषेची दोन टोकं आणि पहिला बोया (वळायची तरंगती खूण) यांच्या त्रिकोणात सापडलेली होडी सुनावणीशिवाय बाद होते, पण तीच शर्यत पुन्हा सुरू करावी लागली तर तिला माफी मिळते. काळ्या झेंड्यात ती माफी नाही. बाद झालेल्या मुलाला पुन्हा सुरू होणाऱ्या शर्यतीतही उतरता येत नाही. बारा वर्षांच्या मुलाला सकाळभर नुसतं तरंगत ठेवण्यात काय शिकवण आहे, हे आम्हाला अजून उमगलेलं नाही. आय झेंडा कागदावर सौम्य वाटतो, पण तो मुलांना रेषेच्या टोकाला वळसा घालून परत यायला लावतो आणि प्रवाह असेल तर टोकाच्या बोयाशी गर्दी करून सोडतो.

मोजकेच लवकर निघाले तर एक्स झेंडा, एक आवाज. ते सगळे परत येईपर्यंत, नाहीतर सुरुवातीनंतर चार मिनिटांपर्यंत. लवकर गेली की नाही हे होडीच्या कवचावरून ठरवायचं, शिडावरून किंवा पुढं काढलेल्या हातावरून नाही. शिडांचे क्रमांक लिहीत बसू नये, फोनवर बोलून रेकॉर्ड करावेत. लिहायला मान खाली गेली की पुढचे चार निसटतात. आता खरी अडचण. शिकाऊ मूल मागं वळून बघतच नाही. नियमानं क्रमांक ओरडून सांगायची सक्ती नाही. नवशिक्यांच्या गटाला, ज्याला सगळीकडे ग्रीन फ्लीट म्हणतात, हाक द्यावी, पण तसं सूचनांत लिहून द्यावं आणि पुढचं वाक्यही जोडावं: हाक ऐकू आली नाही या कारणानं दाद मागता येणार नाही. हे वाक्य नसलं की संध्याकाळी अर्जांची चळत जमते.

रेषेची लांबी पुस्तक सांगत नाही. चालणारं गणित असं: होड्यांची संख्या गुणिले होडीची लांबी गुणिले दीड. चाळीस ऑप्टिमिस्टना ४० × २.३६ × १.५, म्हणजे सुमारे १४० मीटर. याहून आखूड केली तर होड्या एकमेकींवर चढतात. फार लांब केली तर कमिटी बोटीवरून पलीकडचं टोक नीट दिसत नाही. रेषा वाऱ्याला काटकोनात ठेवून डावं टोक पाचेक अंश वाऱ्याकडे सरकवलं की सगळा जमाव बोटीच्या कुशीत घुसत नाही.

आता पाणी. पुस्तकाला ते जमत नाही. जमायचं कारणही नाही, कारण ते जगभरासाठी लिहिलेलं आहे. पण दोन नॉटचा (ताशी दोन सागरी मैलांचा) प्रवाह सेकंदाला जवळजवळ एक मीटर सरकवतो, म्हणजे शेवटच्या एका मिनिटात साठ मीटर. ऑप्टिमिस्टच्या मानानं हे अंतर पंचवीस होड्यांचं. बंदरात भरतीचं पाणी ढोबळमानानं उत्तरेकडे आत शिरतं. दुपारचा खारा वारा वायव्येकडून येतो. म्हणजे भरती चालू असताना वाऱ्याकडे तोंड करून थांबलेली पोरं आपोआप रेषेपलीकडे वाहत जातात आणि समिती त्यांना बेशिस्त ठरवून यू लावते. ओहोटीत उलट: होड्या रेषेखाली मागं पडतात आणि कच्च्या मुलांना पहिला बोया गाठता गाठत नाही.

म्हणून तारीख ठरवताना शनिवार-रविवार बघून पुरत नाही, तिथी बघावी लागते. कोळीवाड्यात कुणालाही विचारा: मुंबईत अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पूर्ण भरती दुपारी बाराच्या सुमाराला येते आणि ते उधाण असतं. खारा वारा धरतो तोही बारा-एकनंतर. म्हणजे उधाणाच्या दिवसांत चांगला वारा आणि सगळ्यात जोराची ओहोटी एकाच वेळी, तीनच्या सुमाराला. वर सहाच्या सुमाराला पाणी इतकं खाली जातं, की थकलेली मुलं होड्या चिखलातून ओढत आणतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. पाण्याची उठबस कमी, प्रवाह मंद, आणि दुपारी ओहोटी असली तरी उधाणाच्या ओहोटीइतकं पाणी मागं जात नाही. मुलांची रेगाटा अष्टमीच्या आठवड्यात ठेवा. मोठ्यांची ठेवा हवी तेव्हा. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढं सरकते, म्हणून दोन्ही दिवशी तीच वेळ छापण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवसाचा पहिला इशारा, म्हणजे पाच मिनिटांचा झेंडा, वेगळा लिहावा. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर शर्यत उरकण्याचा मोह होतो, पण तो दहा-अकराला गळतो आणि मधल्या दोन तासांत मुलं उन्हात नुसती डुलत राहतात. त्यांना किनाऱ्यावरच ठेवावं, एपी झेंडा किनाऱ्यावर चढवून. झेंडा उतरल्यावर इशारा एका मिनिटानं नव्हे, कमीत कमी तीस मिनिटांनी होईल, असं सूचनांत लिहिलं की कुणी धावपळीत सुकाणू विसरत नाही.

बोयाच्या नांगराचंही तेच. उधाणाला पाण्याची पातळी चार मीटरनं बदलू शकते. ओहोटीला चार मीटर खोलीत चौपट हिशोबानं सोळा मीटर दोर सोडला, तर भरतीला तीच खोली आठ मीटर होते आणि दोर राहतो फक्त दुप्पट. चिखलाचा तळ आधीच पकड देत नाही. नांगर घसरतो, बोया हळूच दोनशे मीटर खाली जातो आणि पुढची मुलं एक शर्यत धावतात, मागची दुसरी. दोर भरतीच्या खोलीवर मोजावा, नांगराला दोन-तीन मीटर साखळी लावावी, आणि प्रत्येक बोयाजवळ एका बोटीला सतत लक्ष ठेवायला सांगावं.

पुस्तकाच्या पहिल्या भागात एक वाक्य आहे: शर्यतीत उतरायचं की नाही, चालू ठेवायची की नाही, ही जबाबदारी त्या होडीचीच. मोठ्यांना ठीक. नऊ वर्षांच्या मुलाची होडी स्वतः काय ठरवणार? ग्रीन फ्लीटसाठी वाऱ्याची वरची मर्यादा आधी लिहून द्यावी. आमच्या मते सतत १२ नॉटच्या वर वारा राहिला तर त्यांना किनाऱ्यावर घ्यावं. अनुभवी गटाला २० नॉटपर्यंत चालेल, पण त्यासाठी बचाव बोटी पुरेशा हव्यात. वारा हातात धरून मोजायचा तो कमिटी बोटीच्या टपावरून, खालच्या कठड्याआडून नाही.

बचाव बोटींचं प्रमाणही पुस्तकात सापडणार नाही. नवशिक्या सहा होड्यांमागं एक, सरावलेल्या दहांमागं एक, प्रत्येकीवर दोन माणसं. एक चालवणारा, एक पाण्यात हात घालणारा. चालवणाऱ्याच्या पायाला इंजिन बंद करणारी दोरी बांधलेली असलीच पाहिजे. उलटलेल्या होडीजवळ जाताना आधी मूल मोजायचं, मग होडी. इंजिन बंद करूनच मुलाला आत ओढायचं. ऑप्टिमिस्टच्या वर्गनियमात डोलकाठीच्या बुंध्याशी बांधलेला, तरंगणारा, किमान ५ मिलिमीटर जाड आणि किमान ८ मीटर लांब अखंड दोर सक्तीचा आहे. बाजारातून स्वस्तात नायलॉन आणला जातो आणि तो बुडतो. बुडालेला दोर बचाव बोटीच्या पंख्यात अडकला की मदतीला आलेलीच मदत मागते. पॉलिप्रॉपिलीन घ्यावा, तपासणीच्या वेळी बादलीत टाकून बघायला दहा सेकंद लागतात. त्याच तपासणीत पाणी उपसायचा डबा होडीला बांधलेला आहे का, डोलकाठी होडी उलटली तरी निसटणार नाही अशी अडकवलेली आहे का, तीनही हवेच्या पिशव्या फुगलेल्या आहेत का आणि जॅकेटला शिट्टी आहे का, एवढं बघावं. पिशवी रात्रभर फुगवून ठेवायला सांगावं. सकाळी मऊ पडली तर भोक आहे.

वाय झेंडा म्हणजे जॅकेट सक्तीचं. मुलांच्या बाबतीत तो वर-खाली करण्यात वेळ घालवू नये. पाण्यावर असेपर्यंत जॅकेट अंगात राहील, असं एका ओळीत लिहावं. ३७वा नियम मात्र अनेकांनी वाचलेलाच नसतो. व्ही झेंडा, एक आवाज: सगळ्या होड्या, समितीच्या बोटी आणि प्रशिक्षकांच्या बोटी यांनी ठरलेल्या चॅनेलवर सूचना ऐकायला लागायचं. मुलांकडे रेडिओ नसतो, पण प्रशिक्षकांना त्यामुळं एका क्षणात कामाला लावता येतं. चॅनेल कोणता ते सूचनांत आलं पाहिजे, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येक बोटीवर चिकटवलेला असावा.

मुलं मोजायची पद्धत पुस्तक देत नाही. फळ्यावर क्रमांकाचे बिल्ले; मूल जाताना आपला काढून जॅकेटला लावतं, परत आल्यावर स्वतः टांगतं. पालकानं किंवा मित्रानं टांगायचा नाही. फळ्याशी एकच जबाबदार माणूस, तो जेवायलाही उठणार नाही. समुद्रात समिती मोजलेला आकडा रेडिओवरून देते, फळ्यावरचा आकडा त्याच्याशी जुळवला जातो, आणि जुळेपर्यंत कुठलीही शर्यत सुरू होत नाही. बिल्ला विसरल्याची शिक्षा तीन गुणांची ठेवावी. थेट बाद केलं तर मुलं शिक्षेच्या भीतीनं खोटं बोलतात आणि मग आकडाच विश्वासाचा राहत नाही.

सूचना बनवताना एक कलम नेहमी दुर्लक्षित राहतं: ८६वं. सूचनांतून सगळेच नियम बदलता येत नाहीत. होड्या समोरासमोर आल्यावर कुणी वाट द्यायची तो दुसरा भाग किंवा शीड हलवून होडी ढकलण्यावर बंदी घालणारा ४२वा नियम आयोजकांच्या हातात नाही. बाहेरची मदत नको, हा ४१वा नियम मात्र बदलता येतो. ग्रीन फ्लीटला प्रशिक्षकानं पाण्यावर सल्ला द्यावा असं वाटत असेल, तर नियमाचा क्रमांक घालून बदल लिहावा लागतो. नुसतं "प्रशिक्षकांना परवानगी" म्हणून भागत नाही. ४२व्यासाठी परिशिष्ट पी लावलं तर पिवळा झेंडा, आवाज आणि शिडाचा क्रमांक: पहिल्या वेळी दोन गिरक्या, दुसऱ्या वेळी शर्यत सोडणं. वारा गळाला की पोरं होडी पाळण्यासारखी हलवतात, त्यामुळं निदान एक पंच बोट हवीच.

पाचवा भाग, म्हणजे तक्रारी आणि सुनावण्या, २०२५ च्या आवृत्तीत नव्यानं मांडला आहे. जुने क्रमांक तोंडपाठ असलेले पंच इथं हमखास घसरतात. मुलांच्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच: "प्रोटेस्ट" असं लगेच ओरडायचं, सहा मीटरपेक्षा लहान होडीला लाल झेंडा दाखवायची गरज नाही. दोन गिरक्या घेऊन चूक मान्य केली की विषय संपतो. बोयाला धक्का लागला तर एक गिरकी. सुनावणी लांबवण्यापेक्षा परिशिष्ट टी वापरावं. एकच मध्यस्थ, साक्षीदार नाहीत, दहा मिनिटांत गोष्ट मिटते. पालक आणि प्रशिक्षक हे 'सपोर्ट पर्सन' आहेत आणि तेही नियमांनी बांधलेले आहेत, हे प्रवेशपत्राच्या पहिल्या पानावर मराठीत छापावं. सुनावणीच्या खोलीबाहेर मुलाला उत्तरं पढवणाऱ्या बाबांना ते माहीतच नसतं.

गुणांचं परिशिष्ट ए निर्दोष आहे, न वाचता लावलं तर मात्र गंमत होते. पहिल्याला १, दुसऱ्याला २. न आलेल्याला नोंदलेल्या होड्यांपेक्षा एक जास्त, म्हणजे ३० नोंदी असतील तर ३१. वेगळं काही न लिहिल्यास प्रत्येकाची एक सर्वांत वाईट शर्यत गाळली जाते. वारा पडून दोनच शर्यती झाल्या तर एक गाळून एकीवरच निकाल लागतो. चौथ्या शर्यतीपासून गाळणी लागू, असं लिहा. बरोबरी सुटते ती अशी: गाळणी लागलेली नसताना १-४-२ आणि २-२-३ दोघांचे सात, चांगल्यापासून वाईटाकडे लावले की १ विरुद्ध २, पहिला पुढं. ही एक ओळ फलकावर लावली की निम्मे पालक परत जातात.

पुस्तक इंग्रजीत आहे आणि मुलांच्या हातात देण्यासारखं नाही. समितीसाठी पूर्ण प्रत एकच छापावी. झेंड्यांचं रंगीत पान आणि सुरुवातीचा क्रम एवढ्याची हाताएवढी कार्डं करून ती होडीच्या आतल्या बाजूला पारदर्शक टेपनं चिकटवावीत. कागद फक्त लॅमिनेट करून चालत नाही. कडेनं खारं पाणी शिरतं आणि पहिल्याच दुपारी यू आणि पी सारखेच दिसायला लागतात.